लेव्होडोपाच्या गोळ्या बंद करू नका: अल्फा-सिन्युक्लिनच्या ‘विषा’बद्दल

माझ्या मावशीला पार्किन्सन्स आहे. तिला कुणीतरी एक संदेश पाठवला आणि तो वाचून तिने मला विचारलं, “मग गोळ्या बंद करू का गं?” एरवी अशा फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही, पण या प्रश्नानंतर गप्प बसणं शक्य नव्हतं. संदेशातले दावे चार. अल्फा-सिन्युक्लिन नावाचं विषारी प्रथिन मेंदूत साचतं म्हणून हा आजार होतो. २१ दिवस उपवास केला की शरीर ते खाऊन टाकतं आणि या शोधाला नोबेल मिळालंय. प्रथिनयुक्त आहार कायमचा सोडा. आणि लेव्होडोपा, म्हणजे या आजारावरची नेहमीची गोळी, मेंदूतल्या पेशी मारते, म्हणून ती पहिल्याच दिवशी बंद करा.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण त्याने माणूस दगावू शकतो. लेव्होडोपा एकदम तोडली तर काही रुग्णांना जोराचा ताप भरतो, अंग लाकडासारखं ताठरतं, भान हरपतं. स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे प्रत्येकाला होत नाही, पण ज्याला होतं त्याला अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. आणि हा संदेश तर सांगतो की गोळी सोडा आणि त्याच दिवसापासून उपाशीही राहा!

ही गोळी पेशी मारते का, हा प्रश्न एके काळी संशोधकांनाही पडला होता, हे मान्य. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर भरपूर लेव्होडोपा ओतली की त्यांना इजा होते. पण माणसांत काय होतं ते नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तपासलं आणि २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलं. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले ४४५ रुग्ण घेतले. निम्म्यांना पहिल्यापासून औषध, निम्म्यांना आधी ४० आठवडे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी आणि पुढचे ४० आठवडे औषध. औषध खरंच पेशी मारत असतं तर आधी सुरू केलेल्यांची अवस्था शेवटी जास्त वाईट दिसायला हवी होती. ८० आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. गोळी आजार थांबवत नाही हेही त्यातूनच दिसलं. बऱ्याच वर्षांनी तिच्यामुळे अंगाच्या अनैच्छिक हालचाली होऊ लागतात, हेही खरं. त्यावर डॉक्टर मात्रा बदलतात, आणि तीही हळूहळू.

आता नोबेल. २०१६ साली ते योशिनोरी ओसुमींना मिळालं, पेशी स्वतःचेच निकामी भाग कसे पचवतात याच्या शोधासाठी. त्यांनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला. त्यात ना माणूस होता, ना पार्किन्सन्स. उपासमारीत ही सफाई वाढते, एवढं अर्धसत्य मी नाइलाजाने देऊन टाकते. पण पार्किन्सन्समध्ये सफाईची यंत्रणाच अनेकदा बिघडलेली असते. अल्फा-सिन्युक्लिनची काही सदोष रूपं सफाईच्या एका वाटेच्या तोंडाशीच अडकून ती वाट बंद करतात, हे २००४ मध्येच दिसलं आहे.

आहाराच्या दाव्यावर फार शब्द खर्च करत नाही. खाल्लेली प्रथिनं पोटात अमिनो आम्लांत मोडतात. अल्फा-सिन्युक्लिन मात्र पेशी आपल्याच जनुकावरून बनवते. खरं एवढंच की जेवणातली प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवायला सांगतात. या आजारात वजन आधीच घटतं, त्यात प्रथिनं तोडायची?

आणि ‘विष’? १४० अमिनो आम्लांचं हे प्रथिन तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या मेंदूत आहे. चेतापेशींच्या टोकांशी संदेश वाहणाऱ्या पिशव्या सांभाळायला ते मदत करतं. दुसरं एक संरक्षक प्रथिन नसलेल्या उंदरांच्या चेतापेशी झिजून ते लवकर मरतात. २००५ मध्ये असं दिसलं की त्यांना जादा अल्फा-सिन्युक्लिन मिळालं तर ते वाचतात आणि असलेलं काढून घेतलं तर आणखी खालावतात. हेच अल्फा-सिन्युक्लिन चुकीचं दुमडून त्याच्या गुठळ्या होऊ लागल्या की घात होतो. ज्या घराण्यांत त्याच्या जनुकाच्या जादा प्रती आहेत त्यांना आजार लवकर गाठतो, तेव्हा अतिरेक वाईट हे बरोबर. मग ते काढून टाकायचा प्रयत्न कुणी केलाच नाही का? केला. त्याला चिकटणारी दोन प्रतिपिंडं रुग्णांना शिरेतून देऊन पाहिली. २०२२ मध्ये निकाल आले: वर्षभरानंतर दोन्ही चाचण्यांत आजाराची वाटचाल औषध न मिळालेल्यांसारखीच होती. जे तिथे जमलं नाही ते २१ दिवस उपाशी राहून जमतं, असं म्हणणाऱ्याने रुग्णांवरची एक तरी चाचणी दाखवावी.