डावा बदला, उजवा बघू

गाडी पूर्ण बंद पडली ना, तर माणूस सुखी असतो. टो करायची, सांगतील ते बिल भरायचं, घरी येऊन चार शिव्या हासडायच्या, विषय संपला. एक्सल, म्हणजे इंजिनाकडून येऊन पुढचं चाक फिरवणारा दांडा, हे सुख देत नाही. एक्सल गेला तरी गाडी चालते, एसी लागतो, अ‍ॅव्हरेजसुद्धा तेवढंच देते, फक्त वळताना कट-कट-कट-कट करते. आणि चालत्या वस्तूवर पैसे घालायचे म्हणजे आमच्या घरात आधी बैठक भरते.

त्यात आमच्या सोसायटीचं पार्किंग पहिल्या मजल्यावर. डोंबिवलीत जागा किती मिळते ते सांगायला नको, त्यामुळे रॅम्प असा काढलाय की चढताना स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे तोडायचं आणि त्याच वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. एक्सलची टेस्ट घ्यायची तर मेकॅनिकसुद्धा हेच करायला सांगतो. म्हणजे रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की अख्ख्या बिल्डिंगला आमच्या डाव्या चाकाचा रिपोर्ट मिळायचा. वॉचमन तर वर न बघता रजिस्टरमध्ये आमचा नंबर टाकायला लागला होता.

पहिला गेलो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथल्या मुलाने टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाला सर, दोन्ही एक्सल असेंब्ली, दोन्ही ऑइल सील, गिअर ऑइल, लेबर, अलाइनमेंट, सगळं धरून बावीस हजारांपर्यंत जाईल. म्हटलं आवाज तर डावीकडूनच येतोय, उजवा कशाला? म्हणाला, "सर, पेअरमध्ये रेकमेंडेड आहे." का? "पेअर आहे ना सर." यावर काय बोलणार. एसीत बसून त्यांची फुकटची कॉफी प्यायलो आणि गाडी घेऊन निघालो, निघताना त्यांच्याच गेटवर वळण होतं, कट-कट करतच बाहेर पडलो.

मग आमचा मेकॅनिक, सलीमभाई. सलीमभाईने गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि आतून काळं ग्रीस असं उडालं होतं की रिमची आतली बाजू, स्ट्रट, ब्रेकचा पाइप, सगळीकडे फवारणी झाल्यासारखं. बूट फाटलेला. बूट म्हणजे दांडा चाकाला जोडला जातो त्या जॉइंटवरचं ते पेटीच्या भात्यासारखं घड्यांचं रबर. त्याने चिरेत बोट घालून ग्रीस काढलं आणि माझ्या बोटावर लावलं, "चोळून बघा साहेब." चोळलं. ग्रीस लोण्यासारखं लागायला पाहिजे, हे करकर लागत होतं. कल्याण-शीळ रोड होता तो, माझ्या बोटावर.

आता आतली गंमत अशी की पुढची चाकं गाडी ओढतात पण आणि वळतात पण. म्हणून इंजिनाकडून फिरत आलेला दांडा चाकापाशी वाकलेल्या अवस्थेत फिरायला लागतो, आणि तो सुद्धा हिसके न देता. त्यासाठी जॉइंटच्या चाकाकडच्या कपात खाचा असतात, खाचांत सहा स्टीलच्या गोळ्या आणि त्यांना धरणारी जाळी. ग्रीस आहे तोवर वर्षानुवर्षं काही होत नाही. बूट फाटला की फिरताना ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, आणि गोळ्या खाचा खायला लागतात. म्हटलं मग नवीन बूट घाल, ग्रीस भर, झालं ना? सलीमभाई म्हणाला, आवाज यायच्या आधी आला असतात तर पाच-सातशेत काम होतं. आता ग्रीस भरलं तर महिनाभर आवाज दबेल, खाचा काय भरून यायच्या नाहीत. हा माणूस स्वस्तातलं काम स्वतःहून नको म्हणतोय म्हटल्यावर मला त्याच्यावर विश्वास ठेवावा की संशय घ्यावा तेच कळेना.

घरी बैठक भरली. अध्यक्षस्थानी सासरे. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती त्यामुळे गाड्यांच्या विषयात शेवटचा शब्द त्यांचा. "जावईबापू, एक्सल-बिक्सल काही नाही, क्रॉस गेलाय. क्रॉस बदला." म्हटलं बाबा, क्रॉस पद्मिनीला, तिची मागची चाकं ढकलायची, मधून लांब शाफ्ट जायचा, त्याच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, तो क्रॉस. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढणारी गाडी घरोघर झाली, आपल्या गाडीला खालून तो शाफ्टच नाहीये. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणूनच आवाज येतोय."

बायकोचा मुद्दा वेगळा. एसटीचा एक्सल तुटून चाक निखळलं अशी बातमी तिने वाचलेली, आणि गणपतीला गुहागरला जायचं होतं. तिला समजावलं की आपल्या गाडीचं चाक हब आणि लोअर आर्मवर धरलेलं असतं, जॉइंट गेला म्हणून ते आपल्याला ओव्हरटेक करून पुढे जात नाही. फार तर काय, जॉइंट तुटलाच तर गिअर पडेल, इंजिन बोंबलेल आणि गाडी जागची हलणार नाही. "कुठे नाही हलणार?" म्हटलं कुठेही. "कशेडीत?" म्हटलं कशेडीला आता बोगदा झालाय. "म्हणजे बोगद्यात." मी माघार घेतली.

शेजारचे जोशीकाका म्हणाले, कुर्ल्याला सीएसटी रोडला जा, सेकंडहँड एक्सल निम्म्याच्या निम्म्यात. गेलो. तिथल्या पोराने मला एकामागून एक प्रश्न विचारले, डावा का उजवा, एबीएसवाला का बिगर एबीएस, दात किती. दात? म्हणजे दांड्याच्या टोकाला गिअरबॉक्समध्ये बसणारे दाते, ते मॉडेलप्रमाणे बदलतात, आणि एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम, असेल तर जॉइंटवर वेगळी दातेरी रिंग असते. बरं डाव्याचा उजव्याला चालत नाही कारण इंजिन आडवं, गिअरबॉक्स एका अंगाला, म्हणून एक दांडा आखूड, एक लांब. त्याने आतून एक काढला, मस्त पुसलेला, हाताने फिरवून म्हणाला, "देखो सर, मक्खन." मीही फिरवला, मक्खनच होता. पण हातात तो मक्खनच असणार ना, त्याच्यावर गाडीचं वजन नाही, लोड नाही, आमच्या सोसायटीचा रॅम्प नाही. शिवाय हा कुठल्या गाडीतून, किती किलोमीटर पळून आलाय, ते तो पोरगाच काय, तो एक्सलसुद्धा सांगू शकत नव्हता. वडापाव खाऊन परत आलो.

खरा घोळ एक्सलचा नव्हताच. गाडी अजून किती वर्षं ठेवायची, हे घरात कुणी बोलायलाच तयार नाही. दोन वर्षांनी तिला १५ पूर्ण होणार, मग आरटीओत पुन्हा पासिंग. त्याची फी एप्रिल २०२२पासून ६०० वरून ५,००० झालीये, ग्रीन टॅक्स वेगळा. विकायचीच असेल तर बावीस हजार म्हणजे तिच्या किमतीचा पाव भाग चाकात घालणं. ठेवायची असेल तर सेकंडहँड म्हणजे वर्षभरात पुन्हा हीच बैठक, पुन्हा क्रॉस.

शेवटी सलीमभाईनेच तोडगा काढला. डावा पूर्ण नवीन पण बाहेरच्या कंपनीचा, सहा महिने गॅरंटी. उजव्याचा आवाज नाही, जॉइंट घट्ट आहे, पण बुटाच्या घड्यांत चिरा दिसायला लागल्यात, त्याला फक्त बूट आणि ग्रीस. कंपनीच्या कोटेशनच्या तिसऱ्या हिश्शात काम. नुसता बाहेरचा जॉइंट पण मिळतो, पण पैसे फारसे वाचत नव्हते आणि आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट जुनाच राहिला असता.

काम मी समोर उभं राहून बघितलं. हबचा नट सुटेना तेव्हा पान्याला हातभर पाइप लावून पोरगा अक्षरशः वर उभा राहिला. मग सलीमभाईने गिअरबॉक्सच्या तोंडाशी टॉमी घालून एक हिसका दिला, टक्‌ करून दांडा बाहेर आणि मागोमाग गिअर ऑइलची धार, खाली पत्र्याचा डबा तयारच होता. सील नवीन, नट नवीन. जुना एक्सल पोत्यात गुंडाळून त्याने डिकीत टाकला, "तुमचा माल आहे साहेब, नंतर म्हणायला नको बदललाच नाही."

घरी सगळे नाराज. बायको म्हणाली उजवा का नाही बदललास, जोशीकाका म्हणाले कुर्ल्यातला काय वाईट होता, सासऱ्यांनी क्रॉसबद्दल विचारलं. एक्सल आठवडाभर बाल्कनीत होता. मग रविवारी भंगारवाला आला, सासरे स्वतः खाली उतरले आणि त्याने लोखंडाचा भाव सांगितल्यावर भडकले, "अरे हे साधं लोखंड नाही, घडवलेलं स्टील आहे, उचलून बघ!" त्याने उचलला, काटा लावला, वजन सांगितलं. सासरे म्हणाले कमी भरतंय, परत कर. त्याने परत केलं, मग आपला काळाकुट्ट झालेला पंजा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाला, "बाबा, ग्रीसचे पण पैसे लावू का?"