अस्सल बडोदेकरांनी पाळायची पथ्ये

बाहेरून आलेल्यांनी बडोद्याची वाट लावली, हे मराठी वस्तीच्या दांडियाबाजारात कुठल्याही ओट्यावर बसून म्हणता येतं. पण चारचौघांत ते खपवायचं तर नुसता आवाज चढवून भागत नाही. त्याला थोडी पथ्यं पाळावी लागतात. ती नीट पाळलीत, तर दोन-तीन महिन्यांत तुम्ही कमाटीबागेतल्या वडाइतके जुने दिसू लागाल.

सगळ्यांत कडक पथ्य इतिहासाचं. आपले पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर इकडे आले, हे छाती फुगवून सांगायचं. त्यावर कुणी आगाऊपणे म्हणालाच, ‘‘म्हणजे काका, तुम्हीही बाहेरचेच की,’’ तर त्याला फरक समजावून द्यावा. आपली माणसं मजुरी मागायला आली नव्हती, चौथाई मागायला आली होती. काम मागत येतो तो परप्रांतीय. वसुली करत येतो, त्याचा पुढे वाडा होतो. घोड्यावरून येणाऱ्याला पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्मही भरावा लागत नाही.

सयाजीराव महाराजांचा विषय निघाला की फारच जपून. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक येऊन या गादीवर बसला आणि त्याने शहराचं सोनं केलं. कोरडवाहू मुलखातून श्रीमंत शहरात येऊन नशीब काढण्याचं याहून ठळक उदाहरण आख्ख्या गुजरातेत सापडायचं नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. तेव्हा पुतळ्याला हार घाला, कवळाणं गाळा.

बाहेरचा कोण, हे ठरवताना नकाशा नेहमी ताजा वापरा. छोटा उदेपूर २०१३ पर्यंत बडोदे जिल्ह्यातच होतं. तिथून कामाला येणारी राठवा आदिवासी बाई तोवर आपल्याच जिल्ह्यातली, आणि जिल्हा वेगळा झाल्यावर परकी. डोंगर हलला नाही, बाईही हलली नाही, हद्द हलली. अशा सोयी सरकार आपल्यासाठीच करतं, त्यांचा उपयोग करून घ्यावा.

आता प्रत्यक्ष निरीक्षणाकडे वळू. आपल्याच गल्लीत समोरचा वाडा पाडून अपार्टमेंट चढत असेल, कारण आता सगळ्याच गल्ल्यांत चढतंय. प्लॉटच्या कडेला निळ्या प्लॅस्टिकची खोपटी असतील. दाहोदकडचं नाही तर मध्य प्रदेशातल्या झाबुआचं एखादं कुटुंब. तिकडे पावसावरचा मका निघाला की शेतात काम उरत नाही, म्हणून दिवाळीनंतर माणसं इकडे येतात. परांचीच्या खालच्या बांबूला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत मूल. आई डोक्यावर घमेलं घेऊन जाता जाता झोळीला एक झोका देते, रिकामं घमेलं घेऊन परतताना दुसरा. ती तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत झोळी थांबलेली असते. या दृश्याकडे अस्सल बडोदेकराने एकाच दृष्टीने पाहायचं : ही मंडळी आपल्या नळाचं पाणी तर भरून नेत नाहीत ना? इमारत पुरी झाली, वास्तुशांत झाली, की लगेच कमिटीत ठराव आणा : धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये आणि वॉचमनने त्यांची नावं वहीत लिहून घ्यावीत. वाटलं तर विटा वाहणाऱ्या त्याच बाईचं नाव पहिलं येईल. इमारत तिच्या ओळखीची असते, पण वॉचमनच्या ओळखीची ती नसते.

तिच्या रेशनची काळजी तुम्ही करू नका. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालावं अशी योजना आता आहे. फक्त मशीनला अंगठा लागतो. सिमेंटने रेषा झिजलेला अंगठा मशीनला कधीकधी ओळखू येत नाही, यात शासनाचा काय दोष? गच्ची मात्र गुळगुळीत घोटली गेली आहे.

गोध्र्याकडच्या दगड भरडण्याच्या कारखान्यांचा विषय चहाच्या वेळी काढू नये. झाबुआ-अलीराजपूरची माणसं तिथे कामाला गेली आणि छातीत दगडाची पूड घेऊन घरी परतली. सिलिकोसिसने दोनशेहून अधिक गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ मध्ये गुजरात सरकारने वारसांना प्रत्येकी तीन लाख द्यावेत असा आदेश झाला. कुणी काढलाच विषय, तर ‘‘ही लोकं मास्कच लावत नाहीत’’ म्हणावं आणि खारी बिस्किटांची बशी पुढे सरकवावी.

बिहार-यूपीवाल्यांची तक्रार मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, उभं राहून केलीत तर जास्त उठाव येतो. तिथे एखादा म्हातारा फोरमन जुनी गोष्ट काढेल : १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारने वाहतुकीचा खर्च असा वाटून टाकला होता, की जमशेदपूरचं पोलाद पश्चिमेच्या कारखान्याला तिथल्याच भावात पडावं. मग खाणींच्या दारात कारखाना कोण काढणार? खनिज तिकडचं, कारखाना इकडचा. पोलाद येत होतं तेव्हा आपल्यापैकी कुणी त्याला ‘‘कुठून आलास रे?’’ विचारलं नाही. मागोमाग माणसं आली तेव्हा विचारलं. फोरमनचं बोलणं लांबू लागलं तर मोबाईल वाजल्याचं नाटक करा.

जनगणनेच्या वाटेला तर जाऊच नका. २०११ च्या मोजणीत मूळचं ठिकाण सोडलेले ४५ कोटींहून जास्त लोक निघाले आणि सगळ्यांत मोठं कारण निघालं लग्न. म्हणजे देशातल्या लोंढ्याचा मोठा भाग आपल्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटतोय. ग्वाल्हेरहून आलेल्या सासूबाई, इंदूरहून आलेली सून. या दोघींसमोर ‘परत पाठवा यांना’ ही घोषणा देण्यापूर्वी जेवण उरकून घेतलेलं बरं.

आपला मुलगा पुण्याला आयटीत गेला, तर ती प्रगती. तिथे चौघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये रूममेट त्याला ‘गुजराती’ म्हणतात, कारण तो ‘‘येशील ने?’’ असं विचारतो. फोनवर तो हे सांगू लागला, की त्याला सेवउसळीचं पार्सल पाठवतो म्हणावं. उसळीने कधीकाळी शेव अंगावर घेऊन इथलं नागरिकत्व मिळवलंच आहे.

खोली भाड्याने द्यायची असेल तर आधी नाव, मग गाव, मग आडनाव, मग ‘‘म्हणजे नेमके कोण?’’ या क्रमाने जा. या कामात आपल्या शहराचा अनुभव दांडगा आहे. १९१७ मध्ये कोलंबियात शिकून आलेले डॉ. आंबेडकर महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांनाही कुणी जागा दिली नव्हती. पारशी नाव सांगून धर्मशाळेत राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं आणि कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. आता तिथे स्मारक आहे. आपण तिथे फोटो काढतो आणि घरी येऊन भाडेकरूला आडनाव विचारतो.

‘मूळ रहिवासी’ हा शब्द जरा बेतानेच वापरा. त्याचा खरा हक्क विश्वामित्री नदीतल्या मगरींचा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुराबरोबर त्या सोसायट्यांत शिरल्या तेव्हा आपण वनखात्याला फोन केला.

शेवटचं पथ्य होळीचं. होळीआधीचे भगोरियाचे आदिवासी बाजार भरू लागले की झाबुआ-दाहोदची माणसं गावाकडे निघतात. स्लॅब अर्धा राहतो, सुतार येत नाही, पोळ्यावाल्या मावशींचा फोन लागत नाही. वर्षभर ‘ही लोकं इथे कशाला येतात’ म्हणणाऱ्याने या आठवड्यात ‘ही लोकं अशी न सांगता जातातच कशी’ म्हणायचं असतं. दोन्ही वाक्यं एकाच तोंडून, एकाच तावातावाने यायला हवीत. सराव करा. ठेकेदाराला धमकी द्या, तो ‘‘साहेब, धुळवडीनंतर’’ म्हणेल. मावशींना परत फोन लावा. लागला, तर मागे ढोल ऐकू येईल आणि त्या ओरडून सांगतील, ‘‘भाऊ, पाच-सहा दिवसांनी!’’ तोवर सिंकमधली भांडी तुम्हीच घासायची आहेत. तळाशी करपलेला दुधाचा टोप आधी भिजत घाला.