"सेम युजरनेम ठेवा, फाइल उघडतील" हे खरं नाहीये

एक मेसेज खूप फिरतोय. विंडोज रिइन्स्टॉल केल्यावर एन्क्रिप्ट केलेल्या फाइल उघडत नसतील, ॲक्सेस डिनाइड येत असेल तर टेन्शन घेऊ नका म्हणे, जुन्याच नावाने आणि जुन्याच पासवर्डने अकाउंट बनवा, नाही जमलं तर फोल्डरची ओनरशिप घ्या, तेही नाही तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून कॉपी मारा, आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असतेच, डेटा कुठेही जात नाही. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर आम्ही तीन दिवस हेच सगळं करत बसलो होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी नाव-पासवर्ड. विंडोज तुम्हाला नावाने ओळखतच नाही, एसआयडी नावाच्या एका लांबलचक नंबरने ओळखतं आणि नवीन इन्स्टॉल झालं की तो नंबर नवीन तयार होतो. नाव तेच, पासवर्ड तोच, तरी विंडोजसाठी तुम्ही वेगळाच माणूस. पण खरा घोळ पुढे आहे. फाइल किंवा फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये टिक करून जे एन्क्रिप्शन होतं ते ईएफएस, विंडोज २००० पासून आहे. त्यात प्रत्येक फाइलची स्वतःची एक की असते, ती की तुमच्या सर्टिफिकेटने (म्हणजे विंडोजने तुमच्या अकाउंटसाठी बनवलेल्या डिजिटल ओळखपत्राने) लॉक होऊन फाइलसोबतच राहते, आणि ते लॉक उघडणारी प्रायव्हेट की असते तुमच्या जुन्या प्रोफाइलमध्ये, ॲपडेटाच्या आत, क्रिप्टो नावाच्या फोल्डरात. तीसुद्धा उघडी नाही, शेजारच्या प्रोटेक्ट फोल्डरमधल्या मास्टर कीने बंद केलेली, आणि ती मास्टर की तुमच्या जुन्या पासवर्डने. म्हणजे पासवर्ड लागतोच पण एकटा पासवर्ड काही कामाचा नाही, ते दोन्ही फोल्डर पण हवेत. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तेव्हा गेलं ते हेच, आणि फाइल मात्र डी ड्राइव्हवर जशाच्या तशा दिसतात, कारण ईएफएस फाइलचं नाव लपवत नाही, फक्त आतला मजकूर लपवतं. म्हणून माणसाला वाटत राहतं की आहेत की फाइल इथेच.

ओनरशिपचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच हा मेसेज इतका पसरला असं मला वाटतं. साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या फाइललाही रिइन्स्टॉलनंतर ॲक्सेस डिनाइड येऊ शकतं, कारण परमिशन जुन्या एसआयडीच्या नावावर असते, तिथे ओनरशिप घेतली की काम होतं आणि लोक खाली लिहितात "माझं झालं, थँक्यू". त्यांचं झालं कारण त्यांच्या फाइल एन्क्रिप्टेड नव्हत्याच. परमिशन म्हणजे दारावरचा वॉचमन, एन्क्रिप्शन म्हणजे आतल्या कागदावरची अक्षरंच बदललेली, वॉचमन हटवून वाचता कसं येणार? प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड उघडून एन्क्रिप्टची टिक आहे का बघा, एका मिनिटात कळतं आपली केस कुठली.

लिनक्सचं उत्तरही इथेच आलं. ते विंडोजच्या परमिशन बाजूला ठेवू शकतं, पण की नसताना मजकूर कुठून आणणार.

रिकव्हरी कीबद्दल सरळ गल्लत झालीये. ४८ आकडी रिकव्हरी की बिटलॉकरची असते, जो अख्खा ड्राइव्ह लॉक करतो, आणि ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते हे खरं आहे. ड्राइव्हवरच कुलूप दिसत असेल तर जरूर तिथे शोधा. ईएफएसला अशी की नसते. ऑफिसच्या डोमेनमधला कॉम्प्युटर असेल तर मात्र ॲडमिनने रिकव्हरी एजंट (म्हणजे इतरांच्या ईएफएस फाइलही उघडू शकणारं खास अकाउंट) ठेवलेला असू शकतो, त्यांना सगळ्यात आधी विचारा.

मला राग याचा येतो की हा मेसेज नुसता निरुपयोगी नाही, नुकसान करणारा आहे. फॉरमॅट न करता इन्स्टॉल केलं असेल तर जुनं प्रोफाइल विंडोज डॉट ओल्ड फोल्डरमध्ये असू शकतं. क्विक फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरही ते की असलेले फोल्डर काही काळ शिल्लक असू शकतात. (एसएसडीवर आशा फार कमी, कारण ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती मोकळी झालेली जागा स्वतःच पुसून टाकते.) आणि तुम्ही त्याच डिस्कवर नवीन अकाउंट बनवताय, टूल डाउनलोड करताय, परत एकदा रिइन्स्टॉल करताय, म्हणजे त्याच जागेवर नवीन डेटा लिहिताय. बहिणीच्या बाबतीत हेच झालं, पहिल्या दिवशी थांबलो असतो तर निदान शोधायला काहीतरी उरलं असतं.

सध्या कोणी अडकलं असेल तर मशीन बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, घ्या आणि ते दोन फोल्डर त्या इमेजमध्ये शोधा. जुना पासवर्ड आठवेल तसा लिहून ठेवा. ते फोल्डर आणि पासवर्ड दोन्ही मिळाले तर ईएफएस रिकव्हरीची टूल्स खरंच काम करतात, नाही मिळाले तर कुठलंच टूल काही करू शकत नाही. एन्क्रिप्टेड फाइल मात्र डिलीट करू नका, की उद्या एखाद्या जुन्या बॅकअपमध्ये सापडली तर त्या लागतील.

आणि ज्यांचं विंडोज अजून जागेवर आहे त्यांनी रिइन्स्टॉलच्या आधी सर्टिफिकेट मॅनेजरमधून आपलं ईएफएस सर्टिफिकेट प्रायव्हेट कीसकट एक्स्पोर्ट करा, पीएफएक्स फाइल बनते, ती पेनड्राइव्हवर ठेवा. नवीन विंडोजमध्ये तिच्यावर डबल क्लिक करून इम्पोर्ट केली की फाइल उघडतात, मग युजरनेम काहीही असो.