हुज्जत घालायची कोणाशी?

इटलीत गाडी चालवायची तर भारतीय परवान्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. फॉर्म, फोटो आणि शुल्क दिले की आपल्याच आरटीओत तो वर्षभरासाठी मिळतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गाडी हाकलेल्या माणसाला पृथ्वीच्या पाठीवर कुठेही गाडी चालवता येते, असे आमच्या घराण्यात मानतात. त्यामुळे या कागदाकडे आम्ही केवळ एक औपचारिकता म्हणून पाहत होतो.

रोमच्या विमानतळावर ताब्यात आलेल्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असणार, हे ठाऊकच होते. मात्र वळणाचा इशारा देण्याची दांडीही तिथे डाव्या हाताला असते आणि उजव्या हाताला सापडते ती वायपरची; त्यामुळे भर दुपारच्या लख्ख उन्हात प्रत्येक वळणाआधी आमचे वायपर कोरडी काच पुसू लागत आणि आम्ही नेमके कुठे वळणार, याचा अंदाज मागच्या इटालियन चालकाला त्यावरून बांधावा लागे. उजवीकडे बसलेल्या पत्नीच्या पायाखाली, जिथे आपल्याकडे ब्रेक असतो, तिथे नुसती रबरी चटई होती. ती चटई तिने इतक्या निष्ठेने दाबली की गाडी परत करताना तिचे वेगळे भाडे लागते की काय, अशी मला धास्ती वाटत होती.

महामार्गाबद्दल तक्रारीला जागा नाही. मिलानहून नेपल्सला जाणारा, 1964 साली पूर्ण झालेला ए-1 हा रस्ता उत्तमच आहे. वेगमर्यादा ताशी 130 किलोमीटर, पावसात 110. पण काही टप्प्यांवर दोन कॅमेऱ्यांमधले अंतर आणि ते कापायला लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढतात. कॅमेरा दिसला की पाय उचलायचा आणि तो मागे पडला की पुन्हा दाबायचा, ही आपली पिढीजात विद्या तिथे कवडीमोलाची ठरते.

खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे नियम चौकात उभा असतो. तो शिट्टी वाजवतो, हात करतो, त्याला आपण मामा म्हणतो आणि मुख्य म्हणजे मामाशी बोलता येते. दवाखान्यात निघालो होतो, पाटी फांदीआड गेली होती, पुढच्याला का नाही अडवलेत, अशी संभाषणाची अनेक दारे तिथे उघडी असतात. इटलीतला नियम बोलत नाही. फ्लॉरेन्सच्या जुन्या शहरात ठरलेल्या वेळी परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. या क्षेत्राला तिथे झेडटीएल म्हणतात आणि त्याची सीमा म्हणजे लाल कडेचे एक पांढरे वर्तुळ व शेजारी खांबावरचा कॅमेरा. अडसर नाही, शिपाई नाही. गाडी आत जाते, माणसे चर्च पाहतात, जेलातो खातात, मायदेशी परततात, आणि मग पत्र येते. परदेशस्थ वाहनचालकाला ते पाठवण्यासाठी कायद्याने 360 दिवसांची मुदत दिलेली आहे.

शहाणे पर्यटक महामार्गालगतच्या व्हिला कोस्तान्झा वाहनतळावर गाडी ठेवून ट्रॅमने शहरात जातात. आमचे हॉटेल मात्र त्या क्षेत्राच्या आत होते. अशा वेळी हॉटेलवाले गाडीचा नंबर पालिकेला कळवतात. आमच्या स्वागतकक्षातील तरुणाने तो एका बिलाच्या पाठीवर लिहून घेतला आणि बिल कॉफीच्या कपाखाली सरकवले. पुढे ते कोणाला कळवले गेले का, की कपाबरोबर मोरीत गेले, हे विचारल्यावर तो इतके गोड हसला की पत्नीने अजून पोस्टमनला दार उघडणे बंद ठेवले आहे.

सुटका झाली ती अमाल्फीच्या किनाऱ्यावर. तिथला एसएस-163 हा रस्ता म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये दीड गाडीची जागा. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा, हा तिथला रिवाज ऐकून मला माहेरी आल्यासारखे वाटले. पोझितानोच्या पुढे एका वळणावर समोरून भली मोठी बस आली आणि थांबली. चालकाने खिडकीतून हात काढून पाचही बोटांची चिमूट हलवली. मीही काच खाली करून, “अहो, मागे जागा कुठंय?” असे शुद्ध मराठीत विचारले. मागच्या दोन स्कूटरवाल्यांनी आपापली मते मांडली. तेवढ्यात रस्त्याकडेला लिंबे विकणारा एक गृहस्थ टोपली सोडून आला, आमच्या गाडीमागे उभा राहिला आणि “येऊ द्या, येऊ द्या” अशा अर्थाचे हातवारे करीत त्याने मला कठड्यापर्यंत मागे घेतले; मग डिकीवर दोन थापा मारून ‘बास’ असे कळवले. दोन्ही आरसे मिटले गेले. बस इंचाइंचाने सरकत शेजारी आली, तेव्हा तिचा चालक आमच्याकडे पाहून काहीतरी म्हणाला. ते आभार होते की शिवी, हे कळायला मार्ग नव्हता. मी दोन्ही गृहीत धरून उत्तर दिले.