नांगर ठेवला, मग तणाचं काय?

मुंबईतल्या ओळखीपाळखीत शेतीचा विषय निघाला की गाडी लगेच देशी गाय विरुद्ध युरियावर येते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने नैसर्गिक शेती अभियानाला 2,481 कोटी मंजूर केल्यापासून तर जास्तच. इथे पूर्व इंग्लंडात गहू पिकवणाऱ्यांचा वाद वेगळा आहे: नांगरायचं की नाही? मला तोच जास्त कामाचा वाटतो.

नांगरट थांबली की पहिली डोकेदुखी काडाची, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेल्या ताटांची. कापणी यंत्रामागे भुसा एकाच पट्ट्यात जाड पडला, तर पेरणीची तबकडी काड कापण्याऐवजी चरीत दाबते. बी मातीला न टेकता काडावर बसतं आणि उगवत नाही. त्याच ओलसर थरात गोगलगायी पोसतात. शिवाय कुजणारं काड जमिनीतला नत्र खेचून घेतं. म्हणून काड बारीक करून यंत्राच्या पूर्ण रुंदीत सारखं पसरायचं, आणि वसंतातल्या पेरणीत थोडा नत्र बियाशेजारीच द्यायचा.

आणि तण? नांगर ते गाडायचा, आता बहुतेकांकडे ते काम ग्लायफोसेट हे तणनाशक करतं. बिननांगरणीची शेती म्हणजे बिनफवारणीची नव्हे, हे बिनविषारी तांदूळ शोधणाऱ्या मुंबईकराला कोणी सांगत नाही.

खरं तर बिननांगरणीची शेती बघायला इंग्लंड कशाला, कर्जत लोकलने नेरळला उतरा. तिथल्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत उभी केली. कायमचे गादीवाफे (उंच वाफे), लोखंडी साच्याने 25-25 सेंटीमीटरवर पाडलेली भोकं, त्यांत टोकलेलं बियाणं. रोपांसाठी राब भाजणं नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहतात आणि उरल्या ओलीवर वाल टोकता येतो.

ही पद्धत फसते तीही ठरावीक ठिकाणी. पाणी साचत नाही, त्यामुळे भाताला लोह कमी मिळतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, तेव्हा 0.5 टक्के फेरस सल्फेट फवारावं. तण भाताबरोबरच वर येतं, म्हणून उगवणीपूर्वीचं तणनाशक पेरल्यापेरल्याच पडायला हवं, आठवड्याने नाही. त्यात 2022 पासून ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनी मारायचं असा नियम. एक एकरवाल्याने असा माणूस कुठून आणायचा?

इंग्लंडात हिवाळी आच्छादन पिकाला, म्हणजे जमीन झाकायला घेतलेल्या पिकाला, हेक्टरी 129 पौंड आणि बिननांगरणीला 73 पौंड सरकारी अनुदान मिळत होतं. मार्च 2025 मध्ये सरकारने नवे अर्ज अचानक बंद केले. ज्यांचं गणित अनुदानावरच बेतलेलं, ते लटकले. म्हणून आपल्याकडचा अभियानाचा पैसा हेक्टरमागे वाटण्याऐवजी साचे, टोकणीची मजुरी आणि गावोगावी परवानाधारक फवारणीवाला यांवर जावा.

एका गोष्टीला मात्र पैसाही लागत नाही. भात निघालं की रायगडात गुरं मोकाट सुटतात आणि वाल असो की आच्छादन, सगळं फस्त करतात. एकट्या शेतकऱ्याला राखण परवडत नाही. गुरं कधीपर्यंत बांधून ठेवायची, ती तारीख ग्रामसभेनेच ठरवावी, तीही वाल टोकायच्या आधी.