बस थांब्यावर थांबेल तर शपथ!

इंदूरमध्ये पलासिया घ्या, भंवरकुआं घ्या, चित्र तेच. थांब्याच्या तोंडाशी ई-रिक्षांची रांग, शेजारी पोह्यांची गाडी, आणि बस उभी भर रस्त्यात! अहो, 12 मीटरची बस कडेला लावायला फक्त 12 मीटर पुरत नाहीत. आत वळायला नि बाहेर निघायला मागेपुढेही मोकळी जागा लागते. ती नसली की ड्रायव्हर नुसतं नाक खुपसतो आणि शेपूट रस्त्यावर ठेवतो.

फुटपाथवरून चढलं तर सुमारे 15 सेंटिमीटर उंची फुकट मिळते. डांबरावरून तीच पायरी म्हाताऱ्या गुडघ्यांचा जीव काढते. त्याहून वाईट ती फट. बस आणि फुटपाथ यांच्या मधून स्कूटरवाले सुसाट निघतात, थेट उतरणाऱ्याच्या अंगावर. दारातून ते दिसत नाहीत, कारण येतात मागून.

2013 साली सुरू झालेल्या बीआरटीएसमध्ये, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग घालून फक्त बससाठी राखलेल्या मार्गावर, फलाट बसच्या फरशीला समतल होता, पाऊल टाकलं की आत. 2025 मध्ये हायकोर्टाने तो मार्ग काढायला सांगितलं. बरं, काढा! पण मग डाव्या कडेचे थांबे आधी नीट करायचे की रेलिंग आधी उपटायचं?

थांबा सिग्नलच्या अलीकडे असला की लाल दिव्याला थांबलेल्या गाड्याच तो अडवतात. चौक ओलांडून पुढे न्या. रिक्षांना त्याच्याही पुढे वेगळी जागा आखून द्या. नुसता पिवळा पट्टा मारून काय होणार, त्यावर तर सध्या ऊसाच्या रसाची गाडी उभी आहे.