आधारचा आकडा ‘जुळला’ म्हणजे भाडेकरू खरा, असं नव्हे

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या आपल्या मराठी घरमालकांमध्ये एक मेसेज फिरतोय: भाडेकरूचा आधार क्रमांक अमुक साइटवर टाका, ‘व्हॅलिड’ आलं की कार्ड अस्सल. हे चूक आहे.

12 आकड्यांपैकी शेवटचा हा पडताळ्याचा आकडा, म्हणजे क्रमांक लिहिताना चूक झाली का ते ओळखायचा आकडा (चेकसम). आधीच्या 11 आकड्यांवरून तो व्हरहॉफ पद्धतीने काढतात. डच गणिती याकोबस व्हरहॉफ यांनी ती 1969 मध्ये मांडली. नुसती बेरीज का नाही? कारण 27 चे 72 झाले तरी बेरीज 9च. आणि घाईत टाइप करताना आपण नेमकं हेच करतो. व्हरहॉफमध्ये आकडा कुठल्या जागी आहे यालाही महत्त्व असतं. त्यामुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर ते हमखास पकडलं जातं.

पण पकडली जाते ती चूक, लबाडी नव्हे. मनाला येतील ते 11 आकडे घ्या, त्यांना जुळणारा बारावा निघतोच. डोळे मिटून 12 आकडे लिहिलेत, तरी दहांतला साधारण एक क्रमांक ‘व्हॅलिड’ ठरेल. तो कुणाला दिलाय का, हे गणिताला कुठून कळणार?

खात्री हवी तर कार्डावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अ‍ॅपने स्कॅन करा. त्यात डिजिटल सही असते. आतला मजकूर कुणी बदलला तर ती जुळत नाही. स्क्रीनवरचा फोटो समोरच्या माणसाशी ताडून बघा. आणि लोकांचे क्रमांक अनोळखी साइटवर टाकू नका हो. मेसेज पाठवणाऱ्या काकांनी चौघांचे टाकून झालेत!